खानदेशच्या उन्हात खरादीचं ओलं लाकूड न फुटता कसं वाळवायचं

दर जूनमध्ये मला कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "होळीच्या सुमारास निंब पाडला, ओंडके धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर टाकले, दोन महिने चांगलं ऊन खाऊ दिलं. आता बघतो तर या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर. लाकूडच खराब होतं का हो?"

लाकूड चांगलं होतं, ते वाळवलं बिबड्यांसारखं, म्हणजे ज्वारीच्या पापडांसारखं. बिबडे, कुरडया, मिरच्या धाब्यावर टाकल्या की काम झालं, म्हणून लाकडालाही तोच न्याय. पण मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो आणि दुपारच्या हवेत ओल म्हणून राहत नाही. अशा हवेत ओला ओंडका वाळतोच, त्याची चिंता करायची गरज नाही. चिंता वेगाची करायची. पुढचे सगळे टप्पे हा वेग कमी करण्यासाठी आहेत.

मी वाडगे, काथवटी, लाटणी, करंडे असलं खरादतो, म्हणजे खरादीवर (लेथवर) लाकूड फिरवून हत्याराने गोल आकार देतो. त्यामुळे उदाहरणं तीच येतील. पलंगाचे पाय किंवा पाळण्याचे खांब करणाऱ्यांसाठी टप्पा ७ मध्ये वेगळं लिहिलं आहे.

## लाकूड फुटतं कशामुळे

ओल्या लाकडात पाणी दोन जागी असतं. एक पेशींच्या पोकळीत, दुसरं पेशींच्या भिंतीत. पोकळीतलं पाणी आधी जातं. तेव्हा लाकूड हलकं होतं, पण आकसत नाही. ओलावा ३० टक्क्यांच्या आसपास आला की भिंतीतलं पाणी सुटायला लागतं आणि आकसणं तिथून सुरू होतं. भर उन्हात बाहेरचा थर चार दिवसांत तिथवर पोचतो, आतला भाग मात्र अजून चिंब असतो. बाहेरच्याला आकसायचंय, आतला त्याला आकसू देत नाही, मग बाहेरचा थर फाटतो.

यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. ओंडक्याच्या कापलेल्या टोकातून पाणी बाजूच्या मानाने दहापट किंवा त्याहून जास्त वेगाने जातं. आणि लाकूड सगळ्या दिशांनी सारखं आकसत नाही: लांबीत जवळजवळ नाहीच, मधल्या ठिपक्यापासून (वलयांच्या केंद्रापासून) सालीकडे थोडं, आणि वर्षवलयांच्या कडेकडेने त्याच्या साधारण दुप्पट. म्हणजे घेर कमी व्हायला बघतो आणि त्रिज्या तेवढी कमी होत नाही. मधला ठिपका आत ठेवून अख्खा गोल ओंडका वाळवला, तर कुठून तरी तो उकलणारच.

## झाडावर करवत ठेवण्याआधी

परवानगी. साग, खैर, अंजन, हळदू, मोह, आंबा, चिंच, जांभूळ ही झाडं राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. झाड स्वतःच्या शेतातलं असलं तरी आधी परवानगी घ्यावी लागते. शहरी हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा लागतो. लाकूड रस्त्याने आणायचं तर वाहतूक पासाचं तालुक्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारा. ट्रॅक्टर नाक्यावर अडवल्यावर विचारण्यात अर्थ नसतो.

महिना. तुमच्या हातात असेल तर दिवाळी ते संक्रांत. हवा थंड असते, साल घट्ट असते, भुंगे कमी असतात, आणि उन्हाच्या झळा सुरू होण्याआधी तुम्हाला दोन-तीन महिने मिळतात. पण खरं सांगायचं तर आपल्याला लाकूड मिळतं ते रस्ता रुंदीकरणात, नाहीतर मे-जूनच्या वादळात. रावेर-यावलकडे केळी आडवी करणारं तेच वादळ बांधावरचा निंबही पाडतं. अशा वेळी महिना निवडता येत नाही, पण पुढची तयारी घरात असली पाहिजे.

सामान. टोकं बंद करायला मेण किंवा पांढरा फेविकॉल, जुना ब्रश, घण आणि दोन पाचरी, मार्कर, जुनी वर्तमानपत्रं, गोणपाट, आणि ग्रॅममध्ये वजन दाखवणारा काटा. हे सगळं झाड पडण्याआधी जमवा. मेण आणायला संध्याकाळी बाजारात गेलात, तर तेवढ्या दुपारीच टोकांवर केसासारख्या चिरा पडलेल्या असतात.

## टप्पा १: कुठला तुकडा घ्यायचा

सरळ उभ्या खोडाचा भाग घ्या. कललेल्या खोडात आणि आडव्या फांदीत ताण साठलेला असतो. ओळखायची खूण सोपी आहे: कापल्यावर मधला ठिपका मधोमध नसेल, एका बाजूला सरकलेला असेल, तर तो तुकडा वाळताना वेडावाकडा होणार. बेचक्यातली नक्षी सुंदर असते हे मान्य, पण पहिल्या वर्षी तिच्या नादी लागू नका.

बांधावरच्या बाभळीत कुंपणाची तार आणि देवळाजवळच्या निंबात खिळे असतातच. ताज्या कापावर निळसर-काळा डाग दिसला तर थांबा. लाकडातल्या तुरट द्रव्याची लोखंडाशी गाठ पडली की असा डाग येतो. डागाच्या वर-खाली वीतभर अंतरात खिळा सापडतो. माझी चेनसॉची एक साखळी अशा खिळ्यानेच खाल्ली.

आपल्याकडच्या लाकडांबद्दल थोडं. निंब शिकायला सगळ्यात बरा: मिळतो भरपूर, खरादायला मऊ नाही आणि फार कडकही नाही, चूक पोटात घालतो. बाभळीचा तांबूस गाभा टिकाऊ, पण बाहेरच्या पांढऱ्या भागाला भुंगा लगेच लागतो. तो भाग काढून टाका, किंवा साल तरी पहिल्या दिवशी सोला. आंबा पावसाळ्यात आठवड्याभरात काळपट डाग धरतो, म्हणून पाडला की लगेच हातात घ्या. शिसव निवांत वाळतं, फारसं छळत नाही. अंजन मात्र नवख्याने घेऊच नये. ते वाळल्यावरही पाण्यात बुडतं इतकं जड असतं, वाळतं अगदी हळू, आणि हत्याराची धार बघता बघता घालवतं.

## टप्पा २: ओंडका लांब ठेवा

सगळ्यात जास्त लाकूड वाया जातं ते इथे. वाडगा गोल, ओंडकाही गोल, म्हणून लोक ओंडक्याच्या काकडीसारख्या चकत्या पाडतात. चकतीत मधला ठिपका येतो, दोन्ही बाजू उघड्या टोकांच्या, आणि जाडी चार बोटं. तिला फुटायला दुसरं काही लागत नाही. चकती कधीच पाडू नका.

२५ सेंटिमीटरचा वाडगा हवा असेल तर ओंडका किमान ३५ सेंटिमीटर लांबीचा कापा. शक्य असेल तर आणखी लांब, दोन-तीन वाडग्यांचा एकत्र. दोन्ही टोकांची दोन-तीन बोटं सोडून द्यायचीच, हे आधीच धरून चाला. साल शाबूत असेल आणि भुंग्याची भीती नसेल तर राहू द्या. ती बाजूंची ओल धरून ठेवते.

इशारा: कापलेले ओंडके ट्रॉलीत उघडे ठेवून दुपारच्या उन्हात वीस किलोमीटर आणू नका. वर ओलं गोणपाट टाका. गरम वारा उन्हापेक्षा वाईट.

## टप्पा ३: टोकं त्याच दिवशी बंद करा

दुसऱ्या दिवशी असं म्हणायचंच नाही. एप्रिलमध्ये सकाळी कापलेल्या टोकावर संध्याकाळी चिरा दिसतात. एकदा चीर पडली की वरून कितीही मेण थापा, ती आत चालतच राहते.

मेण सगळ्यात चांगलं. थेट आचेवर वितळवू नका, भडका उडतो. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात लहान डबा, डब्यात मेण. वितळलं की ब्रशने टोकावर जाड थर द्या आणि कडेवरून सालीकडे तीन-चार सेंटिमीटर खाली उतरवा. ही कड लोक विसरतात, आणि चीर नेमकी तिथूनच आत शिरते. मेण नसेल तर फेविकॉलचे दोन दाट हात द्या, मध्ये एक वाळू द्या. जुना ऑइल पेंट चालतो. शेण-मातीचा लेप वाळून गळून पडतो, तो तात्पुरताच समजा.

फांद्या छाटल्याच्या जागा, गाठी, साल निघालेले पट्टे, यांनाही मेण लावा. तीही टोकंच आहेत.

तपासा: दुसऱ्या दिवशी सकाळी टोकावर तिरपा उजेड टाकून बघा. चीर दिसली तर टोकाचे दोन सेंटिमीटर कापून टाका, खाली लाकूड सलग आहे का बघा, मग पुन्हा मेण. चीर असलेल्या टोकावर नुसता दुसरा थर देऊन समाधान करून घेऊ नका.

काम थांबणार असेल, लग्नसराई किंवा पेरण्या मध्ये आल्या, तर ओंडका अख्खा हौदात बुडवून ठेवा. वर दगड ठेवा, कारण तरंगणारा भाग फुटतो. पाण्याखालचं लाकूड फुटत नाही. गाडीसाठी बाभूळ पाण्यात घालून ठेवायची जुनी पद्धत आहे. तिने भुंगाही कमी लागतो. पाणी मधून मधून बदला, नाहीतर वास असा सुटतो की घरचे तुम्हालाच हौदात घालतील.

## टप्पा ४: उभा चिरा आणि मधला ठिपका काढा

ओंडका लांबीने उभा चिरायचा, मधल्या ठिपक्यातून. टोकावर आधीच एखादी बारीक चीर असेल तर पट्टी धरून तिच्याच रेषेत कापा. मग ती चीर टाकाऊ भागात जाते. दोन अर्धे झाले की प्रत्येकाच्या सपाट बाजूवरून आणखी दोन-अडीच सेंटिमीटरची फळी काढा. ठिपका आणि त्याच्याभोवतीचं कोवळं लाकूड त्या फळीत जातं. ही फळी वाया गेली असं वाटतं, पण तिच्या जोरावरच बाकीचं लाकूड वाचतं.

पाचर आणि घणाने फोडता आलं तर आणखी बरं. फूट लाकडाच्या रेषेनेच जाते, त्यामुळे रेषा कुठे वळतात ते उघडं पडतं. लाटण्या-खांबांसाठी तर मी फोडूनच घेतो. चेनसॉने चिरताना ओंडका पाचरींनी पक्का धरा, पायाखाली धरून कापू नका.

सपाट बाजूवर कंपासने वर्तुळ आखा, कोपरे उडवा आणि त्याच दिवशी खरादीवर चढवा. ते जमणार नसेल तर सपाट बाजूसह सगळीकडे मेण लावून ओल्या गोणपाटात गुंडाळा. असा तुकडा सावलीत आठवडाभर निघतो, जास्त नाही.

## टप्पा ५: कच्चं खरादणं

लाकूड जाड असेपर्यंतच आतल्या-बाहेरच्या ओलीत तफावत राहते. म्हणून ओलं असतानाच वाडग्याचा जाड आकार काढून घ्यायचा, तो वाळू द्यायचा, आणि मग पुन्हा चढवून पक्का करायचा. अख्खा ठोकळा वाळवून मग वाडगा करू म्हणणारा वर्षानुवर्षं थांबतो, आणि ठोकळा तरीही फुटतो.

जाडीचा हिशेब: वाडग्याच्या व्यासाचा दहावा भाग. २५ सेंटिमीटरच्या वाडग्याला अडीच सेंटिमीटरची भिंत. याहून पातळ ठेवली तर वाळून लंबगोल झाल्यावर पुन्हा गोल करायला लाकूड उरत नाही, आणि जाड ठेवली तर फुटते. त्याहून महत्त्वाचं, भिंत काठापासून बुडापर्यंत सारखी हवी. बूड चार सेंटिमीटर आणि काठ दोन, असं राहिलं की काठ आधी आकसतो आणि बुडाशी चीर पडते. माझे सुरुवातीचे जवळजवळ सगळे वाडगे बुडातच गेले. कॅलिपर लावून तीन जागी मोजा, डोळ्यांवर विसंबू नका.

चकात (खरादीच्या जबड्यांच्या पकडीत) धरायची बुडाची खुंटी वाळल्यावर गोल राहत नाही. चकाचे जबडे ५० मिलिमीटरचे असतील तर खुंटी ५७-५८ ची ठेवा. खुंटीच्या मधोमध टोच्याची (खरादीच्या मागच्या आधाराच्या टोकाची) खूण शाबूत राहू द्या, शेवटच्या टप्प्यात तिचं काम आहे.

इशारा: उन्हाळ्यात गळ्यात रुमाल किंवा उपरणं टाकून खराद चालवायची आपली सवय घातक आहे. फिरता ठोकळा कपडा गुंडाळून घेतो. रुमाल काढून ठेवा, चेहऱ्यावर पारदर्शक ढाल घ्या, ओबडधोबड ठोकळा सगळ्यात कमी वेगावर सुरू करा. चढवण्याआधी ठोकळ्यावर टिचकी मारा. बद्द आवाज आला तर आत चीर आहे, तो फिरवायचा नाही. निंब-शिसवाची धूळ नाकातोंडाला झोंबते, मास्क लावा.

## टप्पा ६: पहिला महिना

कच्चा वाडगा खरादीवरून उतरला की पहिले चार आठवडे धोक्याचे. बुडावर मार्करने लाकडाचं नाव, तारीख आणि वजन लिहा. काठाला आणि बाहेरच्या बाजूला जिथे टोकाची रेषा येते (वाडग्यावर अशा दोन जागा समोरासमोर असतात, तिथे पोत खरखरीत दिसतो) तिथे मेणाचा हात द्या. मग वर्तमानपत्राच्या दोन-तीन पदरांत गुंडाळा, पुडी गोणपाटात घाला आणि घरातल्या सगळ्यात थंड, बिनवाऱ्याच्या खोलीत जमिनीलगत ठेवा. जुन्या मातीच्या भिंतींचं घर असेल तर मधली खोली उत्तम.

कुठे ठेवू नये हे जास्त महत्त्वाचं. पत्र्याच्या शेडमध्ये नको, दुपारी तिची भट्टी होते. धाब्यावर, अंगणात नको. पंख्याखाली नको. आणि कूलरच्या खोलीत तर अजिबात नको. लोकांना वाटतं कूलरची हवा दमट, म्हणजे बरी. कूलर चालू असतो तेव्हा ती दमट असते. वीज गेली की अर्ध्या तासात तीच खोली कोरडी ठणठणीत. ओल-कोरड, ओल-कोरड असा झोका लाकडाला साध्या उन्हाइतकाच तोडतो.

चोपड्याकडच्या एका म्हाताऱ्या खराद्याला मी एकदा विचारलं होतं, एवढा भुसा पोत्यात भरून कशाला ठेवता? तो म्हणाला, "उनमा नको ठेवू रे भो, फुटी जाई. भुसामा दाबी दे." तो कच्चे पाय आणि वाडगे खरादीच्याच कोरड्या भुशात पुरून ठेवायचा. भुसा ओल हळूहळू शोषतो, वारा लागू देत नाही. फेब्रुवारी ते मे या काळात ही युक्ती कागदापेक्षा सरस. ओल्या लाकडाचा ताजा, ओला भुसा वापरू नका, त्यात बुरशी येते.

दर आठवड्याला पुडी उघडा. कागद दमट असेल तर बदला. पांढरी बुरशी दिसली तर कोरड्या फडक्याने पुसा, एक दिवस सावलीत उघडं ठेवा, पुन्हा गुंडाळा. पावसाळ्यात एकच पदर पुरे. प्लॅस्टिकची पिशवी दोन-तीन दिवसांच्या अडचणीलाच. मी एका श्रावणात सहा आंब्याचे वाडगे प्लॅस्टिकमध्ये विसरलो. काढले तेव्हा त्यांच्यावर काळी-हिरवी लव उगवली होती आणि डाग भिंतीत आरपार गेले होते.

### घाई असेल तर: उकळणे

कच्चा वाडगा पाण्यात उकळला तर फुटण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. अडीच सेंटिमीटर जाडीला एक तास, या हिशेबाने. भांडं स्टीलचं किंवा जर्मनचं घ्या. लोखंडी पिंपात बाभूळ आणि खैर काळेठिक्कर पडतात. वाडगा दगडाने पूर्ण बुडवा, वेळ झाली की त्याच पाण्यात थंड होऊ द्या, बाहेर काढून निथळवा, मग कागदात गुंडाळून टप्पा ६ प्रमाणेच ठेवा. उकळलं म्हणजे वाळलं असं नाही. रंग थोडा फिका होतो, हे गृहीत धरा.

## टप्पा ७: थप्पी

महिन्याभराने वजन उतरण्याचा वेग मंदावला की कागद काढा आणि वाडगे सावलीत, फळीवर, एकमेकांना न टेकवता उपडे ठेवा. बुडाखाली हवा खेळू द्या. भिंतीपासून हातभर लांब.

पलंगाचे पाय, पाळण्याचे खांब, लाटणी, रव्या यांचं गणित सोपं असतं, कारण लांबीत लाकूड आकसत नाही. मधला ठिपका टाळून चौकोनी दांडे काढा, दोन्ही टोकं मेणात बुडवा आणि थप्पी लावा. जमिनीपासून दीड फूट उंच, खाली दगड किंवा विटा. काळ्या मातीवर थेट ठेवलंत तर उधई (वाळवी) लाकडाचा हिशेब तुमच्याआधी करते. प्रत्येक थरात दोन सेंटिमीटर जाडीच्या सारख्या पट्ट्या, आणि सगळ्या पट्ट्या वरपासून खालपर्यंत एका रेषेत. पट्टी मागेपुढे झाली की तिथे दांड्याला बाक येतो. सगळ्यात वर वजनदार फळी. पश्चिमेच्या बाजूला गोणपाटाचा पडदा टांगा.

माझ्याकडे अडीच सेंटिमीटर भिंतीचा निंबाचा वाडगा साधारण तीन-चार महिन्यांत तयार होतो. तीन इंची चौकोनी बाभळीच्या दांड्याला वर्ष धरा.

## टप्पा ८: वाळलं हे काट्यावर ठरवा

"हाताला कोरडं लागतं", "आवाज टणटणीत येतो", हे अंदाज मीही घेतो, पण निर्णय काट्यावर. दर आठवड्याला वजन करून बुडावर लिहा. लागोपाठ तीन आठवडे आकडा जवळपास तोच राहिला की लाकूड त्या हवेपुरतं वाळलं.

नेमका ओलावा काढायचा असेल तर कच्चं खरादताना निघालेला एक जाड तुकडा ताबडतोब तोला. मग ओव्हनमध्ये साधारण १०३ अंशांवर वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा, साधारण एक दिवस. समजा तो आधी ५० ग्रॅम होता आणि नंतर ३२ राहिला. गेलेलं पाणी १८ ग्रॅम, भागिले कोरडं वजन ३२, म्हणजे ओलावा ५६ टक्के. याच लाकडाचा कच्चा वाडगा १८०० ग्रॅमचा असेल तर त्यातलं कोरडं लाकूड सुमारे ११५० ग्रॅम. ८ टक्के ओलाव्याला त्याचं वजन सुमारे १२४५ ग्रॅम भरलं पाहिजे. हा आकडा बुडावर आधीच लिहून ठेवला की किती वाट बघायची ते रोज दिसतं.

चूक: ओलावा ओल्या वजनाने भागून काढणं. १८ भागिले ५० केलं की ३६ टक्के येतात, आणि तुम्ही महिनाभर आधी वाडगा चढवता. भागायचं नेहमी कोरड्या वजनाने.

## टप्पा ९: पक्कं कधी करायचं

वाळलेलं लाकूड हवेप्रमाणे पुन्हा ओल घेतं आणि सोडतं. ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रतेत ते ४ टक्के ओलाव्याच्या आसपास स्थिरावतं, ८० टक्के आर्द्रतेत १५-१६ टक्क्यांवर जातं. आपल्याकडे मे आणि ऑगस्टमध्ये हेच अंतर पडतं. मे महिन्यात घट्ट झाकण बसवलेला कुंकवाचा करंडा श्रावणात उघडत नाही, आणि श्रावणात नेमकं बसवलेलं झाकण एप्रिलमध्ये नुसतं ठेवल्यासारखं हलतं. म्हणून झाकणाची कामं मी दिवाळीनंतर किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात करतो, लाकूड ८ ते १० टक्क्यांवर असताना. झाकण आणि तळ एकाच तुकड्यातून काढा आणि रेषा जुळवून बसवा, म्हणजे दोन्ही एकाच दिशेने लंबगोल होतात. वाडग्याला महिन्याचं एवढं बंधन नाही.

लंबगोल वाडगा चढवण्याची रीत: वाडग्याचं तोंड फेसप्लेटवर (खरादीच्या सपाट तबकडीवर) लावलेल्या गोल फळीकडे करा, मध्ये जाड कापड ठेवा, आणि मागच्या टोच्याचं टोक खुंटीवरच्या जुन्या खुणेत बसवून दाबा. आधी फक्त खुंटी गोल करा. मग उलटा करून चकात धरा आणि बाहेरची बाजू, नंतर आतली. वेग कमी ठेवा, पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत हत्यार अर्ध्याच भागाला लागत असतं आणि झटका बसतो. आतून करताना काठ आधी पूर्ण करा, मग खाली उतरा. काठ पातळ झाल्यावर परत वर येऊन सुधारायला गेलात की तो थरथरतो.

तेल जवसाचं, दोन-तीन पातळ हात, प्रत्येक हात चोळून पुसून, मध्ये काही दिवस. शेंगदाणा तेल वाळत नाही, महिन्याभरात खवट वास येतो. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा.

इतकं करूनही दहातले एक-दोन जातातच. काठाला नखभर चीर असेल तर काठ खाली घेऊन लहान वाडगा निघतो. चीर बुडातून भिंतीत चढली असेल तर फेविकॉल आणि भुसा भरून पुन्हा फिरवण्याचा मोह टाळा, तो तुकडा वेगात असताना सुटून येतो. करवतीने चिरेच्या दोन्ही बाजूंचं सलग लाकूड वेगळं करा. बाभळीच्या असल्या तुकड्यांतून भोवरे फार छान निघतात, आणि गल्लीतली पोरं तुमच्या शेडबाहेर रांग लावतात.